अंजूकाकूनं टोकलं

रिठदच्या फाट्याजवळ गाडीबाबाच्या दरबारात त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. दरबार म्हणजे काय, तर पत्र्याचं एक लांबलचक शेड, दारात पताका, आणि मधोमध काळ्या कापडाखाली झाकलेली एक कार. रात्रभर झाकलेली! कोणी पाहायचं नाही, कोणी जवळ फिरकायचं नाही, असा बाबाचा हुकूम होता. बाया हात जोडून उभ्या होत्या, पोरं बापाच्या खांद्यावर चढली होती आणि सगळ्यांच्या पुढे गाडीबाबा मोरपिसांचा झाडू फिरवत होता.

"इंजन म्हंजे काय? अंजन!" बाबा गरजला. "डोयात घातलं त दिसते, बोनेटात घातलं त धावते! पिस्टनमंदी पिशाच, गिअरमंदी गिऱ्हा, क्लचमंदी करणी! निंग भाईर! शालिकराम, मार चाबी!"

शालिकरामनं चावी फिरवली. काल गाडीला दोर बांधून ट्रॅक्टरनं इथवर ओढत आणलं होतं. आणि आज? घर्रर्र! एका फटक्यात चालू! बाबाचा एकच जयजयकार झाला. कोणी नारळ फोडला, कोणी बोनेटवरच डोकं टेकलं.

मागच्या सीटवर शालिकरामची दहावीतली पोरगी शुभांगी बसली होती. सगळे बाबाकडे बघत होते, तेव्हा ती समोरच्या काट्यांकडे बघत होती. तिथं एक पिवळा दिवा लुकलुकत होता.

"पप्पा, पेट्रोल संपलं."

"चूप बस."

"पण टाकी त फुल्ल होती न? तुमीच..."

बाबानं खिडकीतून मुंडकं आत घातलं. "पिशाचानं पेलं, पोरी! जातानी टाकी चाटून जाते ते. तहानलेलं असते."

एरवी शुभांगीला हसू आवरलं नसतं. पेट्रोल पिणारं भूत! पण त्या दिवशी हसण्यासारखं काही उरलं नव्हतं. शेडच्या कोपऱ्यात तिची अंजूकाकू पदर तोंडात कोंबून बसली होती, आणि पदराला रक्ताचे डाग होते.

आता हे काकूच्या वाट्याला का आलं, ते सांगायला हवं.

शालिकरामचा भाजीपाल्याचा मळा. वांगी, टमाटे, सांभार म्हणजे कोथिंबीर. रिसोडच्या बाजारात त्याच्या मालाला नाव होतं. घराण्यातली पहिली कार आली तेव्हा सगळ्यांना आनंदाचं उधाण आलं. कारचं नाव ठेवा म्हणून शुभांगीनं हट्ट धरला आणि चांदणी हे नाव ठेवलंसुद्धा! पूजेला गाडीबाबाला बोलावलं, कारण पंचक्रोशीत कोणाची नवी गाडी आली की त्यालाच बोलवायची रीत पडली होती. बाबानं हळद लावली, चाकांखाली लिंबं ठेवली आणि झोळीतून गुलाबी तीर्थाची बाटली काढली. एकदम सरबतासारखं गुलाबी.

"हे गाडीले पाजा. आता थोडं, बाकीचं पुनवेले."

"गाडीचं तोंड कोन्तं वो?" शुभांगीच्या आईनं विचारलं. कोणी म्हणालं बोनेट, कोणी म्हणालं सायलेन्सर. बाबा डोळे मिटून म्हणाला, "जिथून पेते, थेच तोंड."

शालिकरामनं पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडलं.

अंजूकाकू दाराआडून बघत होती. ती विधवा, म्हणून पूजेत पुढं येऊ दिलं नव्हतं. तिचा नवरा, म्हणजे शालिकरामचा धाकटा भाऊ, भाजीचा टेम्पो चालवायचा. जाऊन चार वर्षं झाली होती. काकूच्या तोंडून शब्द निघून गेला, "दादा, पेट्रोलमंदी पानी काहून टाकून राह्यले? यायच्या टेम्पोत एकडाव पावसाचं पानी गेलं होतं, त..."

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. बाबानं डोळे उघडले आणि हळूच म्हणाला, "टोकलं."

बस्स, तेवढा एक शब्द. आपल्याकडे शुभकामाला निघताना कोणी काही विचारलं की ते टोकणं. टोकलं की काम नासलं. तीर्थ मात्र टाकीत गेलंच. दुसऱ्या दिवशी गाडी रिसोडच्या वाटेवर खोकली, हिसके देत थांबली आणि मेली. नवीकोरी गाडी! शोरूमवाल्याला फोन करायचा सोडून शालिकरामनं बाबाला फोन केला. बाबा म्हणाला, "मी त तवाच म्हटलं होतं. ज्या जिभेनं टोकलं, थे जीभ शुद्ध करा लागते."

शुद्ध म्हणजे जिभेवर पेटता कापूर.

त्याच संध्याकाळी दरबारात काकूचे हात दोन बायांनी धरले. त्यातली एक शुभांगीची आई होती. शुभांगी ओरडली, शालिकरामच्या अंगावर धावली, पण बाबाचा चेला धरमसिंग यानं तिला खांद्याला धरून शेडच्या बाहेर काढलं. पत्र्यामागून काकूचा आवाज आला. तो आवाज माणसाचा वाटत नव्हता. आणि सकाळी गाडी चालू झाली. आता कोणाला काय सांगायचं? गाव म्हणालं, पाह्यलं? डोळ्यांनी पाह्यलं!

त्यानंतर काकूनं बोलणं सोडलं. पातळ भात तेवढा गिळायची. तोंडातून लाळ गळायची आणि ती पुसत पुसत मळ्यात वांगी तोडायची.

पुनवेला उरलेलं तीर्थ पाजायचं होतं. शालिकरामनं बाटलीतलं बरंचसं टाकीत ओतलं. तळाशी थोडं राहिलं. सकाळी गाडी गावाच्या वेशीपर्यंतही गेली नाही.

संध्याकाळी शालिकराम ओट्यावर बसला. शुभांगीच्या आईकडे न बघताच म्हणाला, "बाबा म्हणते, जीभ अजून शुद्ध झाली नाई. उद्या सकाळी पुन्हा न्या लागते. मंग तिच्या माहेरी धाडून देऊ."

आत काकूच्या हातातलं ताट खाली पडलं. ती भिंतीला टेकून खाली बसली. शुभांगीनं तिच्या तोंडाकडे बघितलं आणि तिला कळलं, उद्याच्या आत काहीतरी करायचं. रडून चालायचं नाही.

काकू काय म्हणाली होती? पेट्रोलमंदी पानी काहून टाकून राह्यले? पूर्ण गावात शहाणा प्रश्न एकटीनं विचारला होता, आणि त्याचं उत्तर कोणी शोधलंच नव्हतं! शुभांगी उठली. फवारणीच्या पंपासाठी घरात पेट्रोलचा डबा असायचा. तिनं लोणच्याची काचेची बरणी धुवून कोरडी केली, त्यात पेट्रोल ओतलं, वरून उरलेल्या तीर्थातलं निम्मं. तीर्थ सरळ तळाला जाऊन बसलं. बरणी हलवली, तरी थोड्या वेळानं पुन्हा खालीच! वर पेट्रोल, खाली गुलाबी पाणी.

"अगं माय!" ती स्वतःशीच म्हणाली. घनता! सातवीपासून पाठ केलेली घनता लोणच्याच्या बरणीत बसली होती.

तिनं तिथूनच विज्ञानाच्या रत्नमाला मॅडमना फोन लावला. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "इंजिनाला पेट्रोल टाकीच्या वरून जातं की तळातून?"

"तळातून असंल."

"मग तळाला काय आहे?"

शुभांगीनं बरणीच्या तळाकडे पाहिलं. गुलाबी पाणी तिथंच बसलं होतं. मॅडम म्हणाल्या, "मी सकाळी येते. एक गॅरेजवालाही आणते. आणि पोलीस ठाण्यात आत्ताच कळवते. जीभ जाळणं हा गुन्हा आहे, शुभांगी. गाडी चालू होवो नाहीतर न होवो."

सकाळी पुन्हा तीच गर्दी आणि तेच काळं कापड. गाडी आत्ताच ओढत आणली होती, तिची कापडाखालची रात्र अजून यायची होती. काकूला मधे बसवलं होतं. धरमसिंगच्या हातात कापराची डबी होती. तेवढ्यात मॅडम पुढं आल्या, सोबत रिसोडचा गॅरेजवाला मुन्ना पान्यांची पिशवी घेऊन.

"बाबा, भूत काढायच्या आधी आम्ही टाकीतलं एक बरणीभर पेट्रोल काढतो. चालेल?"

"हात लावसान त भस्म होसान!"

"होऊ द्या मले भस्म!" शुभांगी बापासमोर जाऊन उभी राहिली. "पप्पा, गाडी तुमची हाय. एकच सांगा. पयल्या डावाले टाकी फुल्ल होती का नाई? उभ्या गाडीतलं पेट्रोल गेलं कुठी?"

शालिकराम बोटांवर हिशेब करू लागला. माल मोजून देणारा माणूस तो. आपल्या टोपल्यातलं एक वांगं कमी झालं तर त्याला कळायचं. त्यानं काकूकडे पाहिलं. काकू कापराच्या डबीकडे बघत होती आणि भीतीनं तिचं पातळ ओलं झालं होतं. शालिकरामनं मान खाली घातली.

"काढ बाप्पा, मुन्ना."

मुन्नानं गाडीखाली शिरून पेट्रोलची नळी सोडली. बरणी भरली. शुभांगीनं ती उंच धरली. तळाला गुलाबी, वर पिवळसर. गर्दी पुढं सरकली.

बाबा घाबरला नाही. उलट चेकाळला. "पाहा! पिशाचाचं रक्त!"

शुभांगीनं पिशवीतून तीर्थाची बाटली काढली आणि बरणीशेजारी धरली. तोच रंग. "मंग हे बी पिशाचाचं रक्तच हाय का, बाबा? हे त तुमीच देलं, तीर्थ म्हणून!"

कोणीतरी फिस्सकन हसलं. बाबाच्या चेहऱ्यावरचा रंग मात्र उडाला.

"आणि भूत पेट्रोल कुठे पितं, ते पण बघू," म्हणत मॅडम शेडच्या मागं गेल्या. तिथं गवतात एक रबरी नळी आणि एक प्लास्टिकचा ड्रम होता. ड्रमच्या तळाला गुलाबी थर. रात्री कापडाखाली टाकी रिकामी करायची, स्वच्छ पेट्रोलचा घोट घालायचा आणि सकाळी मंत्र म्हणायचा. झाला चमत्कार! गाडीबाबाचं मूळ नाव दौलतराव. मेहकरकडे त्याचं गॅरेज होतं, हे पोलिसांनी नंतर शोधलं. पाण्यानं इंजिन बंद पडतं, हे त्याला कोणत्याही मंत्रापेक्षा चांगलं माहीत होतं. बंद तोच पाडायचा, चालू तोच करायचा. मधल्या मधे एक टोकणारं माणूस मात्र त्याला लागायचं, आणि ते बहुतेक वेळा घरातली एकटी पडलेली बाई असायची.

मॅडमनी कळवलेले पोलीस त्याच सकाळी शेडवर आले, आणि जादूटोणाविरोधी कायद्याखाली दौलतराव आणि धरमसिंग आत गेले. हात धरणाऱ्या बायांचीही जबानी झाली. शुभांगीच्या आईचीही. घरी आल्यावर आई काकूच्या पायाशी बसून रडली. काकूनं तिला उठवलं नाही, आणि ढकललंही नाही. वाशीमच्या डॉक्टरांनी सांगितलं, जखम भरेल, चव पूर्ण येईलच असं नाही, आणि काही अक्षरं जड जातील. 'र' आणि 'ट' तर फारच. जय म्हणणाऱ्या गर्दीतलं एकही माणूस तिला भेटायला आलं नाही.

चांदणी दुरुस्त होऊन आली, त्या दिवशी शालिकराम चावी घेऊन निघाला. दाराशी काकू उभी होती. आज ती दाराआड नव्हती, दारात उभी होती. जड जिभेनं, लाळ पुसत, ती म्हणाली, "दादा... ताकी... पाह्यली का?"

सगळं घर जागच्या जागी थांबलं. टोकलं होतं तिनं. शालिकराम ओट्यावरून खाली उतरला, झाकण उघडून बघितलं, नीट लावलं, आणि मगच गाडी चालू केली.

म्हणून सांगायचं आहे ते इतकंच. गाडी बंद पडली तर बोनेट उघडा, माणूस आजारी पडलं तर दवाखान्यात न्या, आणि कोणी म्हणालं विचारू नका, तर तिथंच आधी विचारा. अंजूकाकूची जीभ भाजली. आपली तर शाबूत आहे ना?

मग टोका!