राजाराम खांबेटे हयात असल्याबाबत

मानवजातीच्या इतिहासाचे दोनच कालखंड आहेत, सिमच्या खाचेचा आणि सिमच्या खाचेनंतरचा, असं परीक्षित खांबेटेचं ठाम मत होतं. त्याच्या बायकोचं, देवयानीचं, म्हणणं असं की असतीलही, पण दोन्ही कालखंडांच्या वायरी आपल्या स्वयंपाकघरातल्या एकाच ड्रॉवरमध्ये आहेत आणि त्यामुळे तो उघडत नाही.

परीक्षित अमेरिकेतल्या चँडलर गावी एका चिप कंपनीत तेवीस वर्षं होता. त्याच्या हाताखालून गेलेली चिप कुठल्याही फोनमध्ये नव्हती. ती गाडीच्या काचा वरखाली करणाऱ्या मोटारीत जायची. पण हे सांगितल्याशिवाय कळत नसे, आणि तो सांगत नसे. मराठी मंडळात कोणाचा फोन रुसला की "परीक्षितला विचारा" असं लोक म्हणत आणि परीक्षित विचारण्याआधीच उत्तर देई. दर सप्टेंबरला तो नवा फोन घ्यायचा. मग त्याचा जुना देवयानीकडे, देवयानीचा पंधरा वर्षांच्या स्वानंदीकडे आणि स्वानंदीचा ड्रॉवरमध्ये, असा फोनांचा वंश खाली सरकत असे. "एक वर्ष थांबलं की आपण मागे पडलो," असं तो म्हणायचा. कोणाच्या मागे, ते त्याने कधी सांगितलं नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी त्याचे वडील राजाराम मिरजेहून पाच महिन्यांसाठी आले. वय एक्याऐंशी. टेलिफोन खात्यात त्यांची अडतीस वर्षं गेली होती, तीही लोक फोनसाठी नंबर लावून आठ-आठ वर्षं वाट बघायचे त्या काळात. आई गेल्यापासून परीक्षित त्यांना सात वर्षं बोलावत होता आणि ते सात वर्षं "बघू" म्हणत होते. या वर्षी आले त्याचं कारण ते सांगत नसत, पण फ्रिजवरच्या कॅलेंडरवर तेरा डिसेंबरभोवती त्यांनी पेन्सिलीने गोल केला होता. त्या दिवशी शाळेच्या ऑर्केस्ट्रात स्वानंदी एकटीने व्हायोलिन वाजवणार होती.

आले ते एका अटीवर. पेन्शनरांना दर नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याचं बँकेला कळवावं लागतं. त्याला हयातीचा दाखला म्हणतात. राजाराम इस्त्रीचा शर्ट घालून एक तारखेला स्वतः शाखेत जात, खिडकीसमोर उभे राहत आणि जिवंत ठरून परत येत.

"तीस तारखेपर्यंत दाखला झाला नाही तर मी मिळेल त्या विमानाने परत जाणार," ते म्हणाले. "बँकेत प्रत्यक्ष उभा राहणार."

"बाबा, आता उभंबिभं राहायचं नसतं. ॲप असतं. फोनकडे बघायचं, डोळे मिचकावायचे, झालं. दोन मिनिटांचं काम."

"मग आज करू या."

"तुमच्या या फोनवर नाही होणार."

राजारामांकडे बटणांचा फोन होता. निघण्याआधी मिरजेत घेतलेला, अमेरिकेतही चालेल असा. वरच्या बाजूला टॉर्च होती.

"याला काय झालंय?"

"काही झालेलं नाही, बाबा. तोच तर प्रॉब्लेम आहे."

चार दिवसांत नवा फोन आला. राजारामांनी तो चारही कडांनी फिरवून पाहिला, चष्मा लावला, पुन्हा फिरवला.

"सिम कुठून घालायचं?"

"इथे आता खाच नसते. ई-सिम. नंबर हवेतून उतरतो."

"म्हणजे नंबर आहे, पण सिम नाही."

"करेक्ट."

"आमच्या वेळी लोकांकडे यंत्र असायचं, नंबर नसायचा," राजाराम म्हणाले. "प्रगती आहे."

नंबर हवेतून उतरवण्याआधी परीक्षितने वडिलांची उजळणी घेतली. ही उजळणी तो दरवर्षी घेत असे, कारण मिरजेत त्यांच्या शेजाऱ्यांना कोणीतरी फोनवरून लुबाडलं होतं.

"ओटीपी कोणाला सांगायचा?"

"कोणालाही नाही."

"बँकेतून फोन आला?"

"नाही सांगायचा."

"पोलिसांचा आला?"

"नाही."

"मी मागितला?"

"तुला मुळीच नाही. तुझा आवाज आता यंत्र काढतं."

"शाब्बास," परीक्षित म्हणाला. गेल्या वर्षी त्याने स्वतःच ही ओळ अभ्यासक्रमात घातली होती.

मग त्याने बटणांच्या फोनवरून भारतातल्या कंपनीला सिम बदलायची विनंती पाठवली. उत्तर चार ओळींचं आलं. पहिल्या ओळीत लिहिलं होतं की आपली विनंती स्वीकारली आहे. उरलेल्या तीन ओळी परीक्षितने वाचल्या नाहीत. जाणकार माणूस पहिल्या ओळीवर थांबतो.

"झालं. हे सिम आता मेलं. हा फोन ठेवून द्या."

राजारामांनी तो उशीशेजारी ठेवून दिला. बाथरूमला जाताना टॉर्च लागायची, म्हणून चार्जही करत राहिले.

नव्या सिमचा कोड राजारामांच्या ईमेलवर आला. राजारामांना ईमेल आहे ही बातमी राजारामांसकट सगळ्यांना नवीन होती. ते खातं बारा-तेरा वर्षांपूर्वी त्यांचा पुतण्या निहारने उघडून दिलं होतं. परीक्षितने निहारला पुण्याला फोन लावला.

"पासवर्ड काय ठेवला होतास?"

"दादा, मी तेव्हा आठवीत होतो," निहार म्हणाला. "मला माझा आठवत नाही."

पासवर्ड बदलायचा तर ओटीपी हवा. ओटीपी राजारामांच्या नंबरवर जाणार. नंबर चालू व्हायला कोड हवा. कोड ईमेलमध्ये. आणि हे सगळं बाजूला ठेवून थेट पेन्शनचं ॲप उघडलं, तर त्यालाही सुरुवातीला ओटीपी हवा, तोही त्याच नंबरवर. परीक्षितने फ्रिजवरच्या पांढऱ्या पाटीवर बाण काढून हे देवयानीला समजावलं.

"हे वर्तुळ आहे," देवयानी म्हणाली.

"लूप आहे."

"बाहेर कसं पडायचं?"

"लूपमधून बाहेर पडता येत नाही, म्हणून तर त्याला लूप म्हणतात," परीक्षित म्हणाला, आणि उत्तर सापडल्यासारखा कॉफी करायला गेला.

पण हार मानणाऱ्यांतला तो नव्हता. आपण सारखं मागत राहिलो की सर्व्हर शेवटी कंटाळतो आणि देऊन टाकतो, असा त्याचा अनुभव होता. रोज ऑफिसातून आल्यावर तो वडिलांचा नवा फोन घेऊन सोफ्यावर बसे आणि 'ओटीपी पुन्हा पाठवा' दाबे. मग थोडं थांबून पुन्हा दाबे.

त्याच सुमारास घरात टुक असा आवाज येऊ लागला. बारीक, एकदाच, राजारामांच्या खोलीच्या बाजूने.

"स्मोक अलार्म," परीक्षित म्हणाला. "बॅटरी उतरली की ओरडतो."

अमेरिकेत घराच्या छताला धुराचे अलार्म असतात आणि फोडणी दिली की सगळे मिळून बोंबलतात. खांबेट्यांकडे असे सात होते. परीक्षितने राजारामांच्या खोलीतल्या अलार्मची बॅटरी बदलली, खाली येऊन सोफ्यावर बसला, ओटीपी मागितला. टुक झालं. मग बाहेरच्या पॅसेजमधली बदलली. रोज एक, अशा सहा झाल्या.

"बाबा, इट्स नॉट द बॅटरी," स्वानंदी म्हणाली. "इट ओन्ली हॅपन्स जेव्हा तू घरी असतोस."

"कोइन्सिडन्स."

"एव्हरी डे?"

"रोज होतं त्यालाही कोइन्सिडन्स म्हणतात, बेटा. पॅटर्न म्हणायला डेटा लागतो."

मधल्या काळात मंडळाच्या आसावरी काकूंनी फोन करून विचारलं की जानेवारीत 'ज्येष्ठांसाठी मोबाइल' या विषयावर तासभर बोलशील का. परीक्षितने दोन तास मागून घेतले.

सत्तावीस तारखेला, थँक्सगिव्हिंगच्या सणाची टर्की खाऊन सगळा देश आडवा झालेला असताना, राजारामांनी कपाटावरची बॅग काढायला सांगितली.

"सोमवारचं तिकीट बघ," ते म्हणाले. "एक थांबा असला तरी चालेल."

"बाबा, अजून तीन दिवस आहेत."

"तू गेले तीन आठवडे तेच म्हणतोयस."

"अहो, पण राहा ना," देवयानी म्हणाली. "दाखला उशिरा दिला तरी चालतो म्हणतात. थोडे दिवस पेन्शन थांबेल, एवढंच."

"पेन्शनचं काही नाही गं. कागदोपत्री मी एक दिवसही मेलेलो नाही आजवर. उगाच सुरुवात कशाला?"

स्वानंदीने खोलीत जाऊन दार लावलं आणि व्हायोलिनवर तेरा तारखेची चीज पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवली, मग पुन्हा वाजवली. राजाराम बॅगेत स्वेटर घालत होते. दुसऱ्यांदा वाजायला लागल्यावर ते स्वेटर हातात घेऊन पलंगावर बसले. परीक्षितने दारातून पाहिलं, तिकिटांची साइट बंद केली, आणि मग पुन्हा उघडली, कारण भाडं वाढत होतं.

शनिवारी सकाळी तो शिडी घेऊन जिन्यावरच्या अलार्मखाली उभा राहिला. सातवा. छत उंच होतं आणि त्या कोपऱ्यात उजेड यायचा नाही.

"मिरजेत अर्ध्या तासात तीस तारीख लागेल," देवयानी शिडी धरून म्हणाली. "तू बॅटरी बदलतोयस."

"एकेक प्रॉब्लेम संपवत जायचं असतं. स्वानंदी, आजोबांचा फोन घे आणि मी सांगेन तेव्हा ओटीपी मागव. आजोबा, म्हणजे बाबा, तुम्ही जरा उजेड दाखवाल?"

राजारामांनी खिशातून बटणांचा फोन काढला, टॉर्च लावली आणि हात उंच धरला. परीक्षितने अलार्म छतावरून उतरवला, त्याची बॅटरी काढली आणि दोन्ही गोष्टी दोन हातांत धरल्या. आता हा अलार्म ओरडणं शक्यच नव्हतं.

"दाब," तो म्हणाला.

स्वानंदीने पेन्शनच्या ॲपमधलं बटण दाबलं.

टुक.

आवाज राजारामांच्या हातातून आला. उजेडही थरथरला थोडा. राजारामांनी फोन खाली घेऊन पाहिला आणि पुन्हा वर धरला.

मग देवयानीने विचारलं, "बाबा, काय आलं?"

"ते रोजचंच. आकडे."

"रोजचंच?" परीक्षित शिडीवरून म्हणाला. "किती आलेत?"

"आजचा धरून अठ्ठ्याऐंशी. मोजायची सवय आहे मला, खात्यातली."

"आणि तुम्ही सांगितलं नाहीत?"

"कोणाला?"

"मला!"

"तुला मुळीच सांगायचं नाही, असं ठरलंय ना?" राजाराम म्हणाले. "शिवाय तूच म्हणालास, हे सिम मेलं. मेलेल्या सिमवर कोणी आकडे पाठवतंय म्हणजे चोरच असणार. मी एकाही आकड्याला उत्तर दिलं नाही."

देवयानीने त्यांच्याकडून फोन घेतला आणि कंपनीचा तो पहिला मेसेज शोधून मोठ्याने वाचला. चौथ्या ओळीत लिहिलं होतं की नवं सिम फोनमध्ये उतरेपर्यंत जुनं सिम नेहमीप्रमाणे चालू राहील.

"हं," परीक्षित म्हणाला. "म्हणजे सिस्टिम बरोबर चालली होती. मला तीच शंका होती."

"आजोबा, कोड काय आहे?" स्वानंदीने विचारलं.

राजारामांनी देवयानीच्या हातातून आपला फोन परत घेतला आणि छातीशी धरला.

"सांगा ना, बाबा, दहा मिनिटांत एक्स्पायर होतो," परीक्षित घाईने उतरत म्हणाला.

"नाही सांगणार."

"अहो, मी आहे."

"तू आहेस हे दिसतंय. पण एकदा सांगितला की सवय लागते. आण तो फोन इकडे."

त्यांनी नवा फोन मांडीवर घेतला, जुना त्याच्या शेजारी धरला आणि डाव्या हाताचा आडोसा करून एकेक आकडा दाबला. खांबेटे कुटुंबाने शिस्तीत दुसरीकडे पाहिलं. ॲप उघडलं. त्याने आधार क्रमांक घेतला, पेन्शनचा नंबर घेतला आणि शेवटी चेहरा मागितला.

"चेहऱ्यावर उजेड कमी आहे, असं म्हणतंय," स्वानंदी म्हणाली.

"फ्लॅश लाव," परीक्षित म्हणाला. "सेटिंग्जमध्ये जा, मग कॅमेरा, मग..."

राजारामांनी बटणांचा फोन उचलला, टॉर्च स्वतःच्या तोंडावर मारली आणि नव्या फोनकडे बघून सावकाश दोनदा डोळे मिचकावले. हिरवी खूण आली.

परीक्षितने अलार्म परत बसवला. शिडी घडी करून गॅरेजमध्ये नेताना तो म्हणाला, "म्हटलं नव्हतं, दोन मिनिटांचं काम आहे? आजकाल सगळं फोनवर होतं."

"कुठल्या?" देवयानीने विचारलं. पण तो गॅरेजमध्ये पोचला होता.

बॅग कपाटावर परत गेली. तेरा डिसेंबरला राजाराम इस्त्रीचा शर्ट घालून शाळेच्या सभागृहात तिसऱ्या रांगेत बसले आणि स्वानंदी वाजवत असताना त्यांनी दोन्ही फोन बंद ठेवले. जानेवारीत परीक्षित ज्येष्ठांसमोर पूर्ण दोन तास बोलला. 'मेसेज शेवटच्या ओळीपर्यंत वाचा' हा त्याचा पहिला मुद्दा होता आणि तो त्याने अनुभवाच्या आधारे मांडला.

दाखल्याची मुदत पुढच्या नोव्हेंबरपर्यंत आहे. फोनचं पुढचं मॉडेल सप्टेंबरमध्ये येतं.