मैमूचे तीन रोजे

मैमू हजला निघाली म्हणून माफी मागायला माझ्या दारात आली, आणि मी मूर्खासारखं तिच्यासाठी चहा टाकला. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात मला त्या चहाचा फार राग आला. आलं ठेचून घातलं होतं, दूध जास्त, तिला आवडतो तसा.

वैशाखातली दुपार होती. राबाला, म्हणजे भाताच्या रोपाची जागा भाजायला, शेण-पाला पसरून मी नुकतीच घरात येत होते, तर ही ओट्यावर घाम पुसत बसलेली. धसईहून किन्हवलीला यायचं तर सरळगावला गाडी बदलावी लागते, आणि त्या उन्हात ती एकटी आली होती. मुलाला सोबत आणलं नव्हतं. तेव्हाच मला काही खटकायला हवं होतं.

माफीचं मला नवल नव्हतं. हजला जाणारा माणूस निघण्याआधी घरोघर फिरतो, बोललं-चाललं माफ करा म्हणतो, कुणाचं काही आपल्याकडे राहिलं असेल तर परत देतो. मैमूचे वडील कासमचाचा हजला निघाले होते तेव्हा ते आमच्या पाड्यावर चालत आले होते आणि माझ्या बापासमोर, लडकूसमोर, हात जोडून उभे राहिले होते. माझा बाप इतका गोंधळला की त्यानेच उलट चाचांची माफी मागितली.

हे सगळं मला मैमूनेच शिकवलेलं. लहानपणी आम्ही त्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसायचो आणि ती माझा हात धरून बोटं मोजायची. अंगठा म्हणजे कलमा, अल्ला एकच आणि महंमद पैगंबर त्याचे रसूल, ही ग्वाही. मग दिवसातून पाच वेळा नमाज. मग रमजानचे रोजे. मग जकात, आपल्या शिलकीतला गरिबाचा वाटा. आणि करंगळी म्हणजे हज, ऐपत असेल त्याने जन्मात एकदा. मी म्हणायचे, "तुमचा देव बरा गो, बोटांवर मावतो. आमच्याकडं तर गावाच्या वेशीपासून मोजायला लागावं." ती हसायची आणि सांगायची, तेवढंच नाय, दोन खांद्यांवर दोन फरिश्ते बसलेले असतात, उजव्यावरचा चांगलं लिहितो, डाव्यावरचा वाईट. मी तिच्या डाव्या खांद्यावर टपली मारायचे. म्हणायचे, ह्याला लय काम पडतंय.

तर ती आली. मी म्हटलं, "माफ केलं, सगळं माफ केलं. माझ्या बरणीतली कैरी चोरून खायचीस ती पन माफ. आता चा पी."

ती हसली नाही. "रंजू, बस जरा," म्हणाली. कमरेची पिशवी काढून तिने रुमाल सोडला आणि एक पोस्टकार्ड माझ्यासमोर ठेवलं. पिवळं पडलेलं, कडा कुरतडलेल्या.

"ही तुझी अमानत. माझ्याकडं ऱ्हायलेली."

चष्मा लावून वाचलं. टाइप केलेलं होतं, नाव तेवढं शाईने लिहिलेलं. कुमारी रंजिता लडकू, असं माझंच नाव. डी. एड. प्रवेशासाठी निवड यादीत आपला क्रमांक लागला असून दिनांक १२ जुलै १९९५ रोजी सकाळी अकरा वाजता शहापूर येथे मूळ कागदपत्रांसह हजर राहावे.

मी दोनदा वाचलं. मागे चहा उतू गेला, त्याचा वास आला, मी उठले नाही.

आमच्या पाड्यावर तेव्हा पोस्टमन येत नसे. पाड्यांचं सगळं टपाल तो धसईच्या बाजारात कासमचाचांच्या दुकानात ठेवायचा आणि ज्याचं त्याने बाजाराच्या दिवशी न्यायचं. बारावीला मी पाड्यात पहिली पास झालेली मुलगी. बापाने सांगितलं होतं, नंबर लागला तर शीक, नाही लागला तर पोरगा बघतो. मी दर तिसऱ्या दिवशी तासभर चालत दुकानात जायची. आलं का गो? नाय आलं. आलं का? नाय. श्रावण लागायच्या आत माझं लग्न ठरलं होतं. तीस वर्षं झाली. तीस वर्षं मी रोप लावते, रोप खणते, आणि शाळेवरून जाताना आतून पोरांचा पाढे म्हणायचा आवाज आला की पाय थोडे भराभर टाकते.

"चाचांनी ठेवलं?" मी विचारलं.

"बाबांना म्हाईतच नाय. पोस्टमननं माझ्या हातात दिलं."

"का केलंस?"

"तू गेली असतीस," मैमू म्हणाली. "मला सातवीतनं काढलेलं. घर नि दुकान, दुकान नि घर. तू येयाचीस तेवढाच माझा दिवस. मला वाटलं चार दिस ठेवते, मग देते. चार दिसांत तारीख निघून गेली. मग कुठल्या तोंडानं देयाचं?"

मला एकदम तो दिवस आठवला. तारीख कधी गेली ते मला ठाऊक नव्हतं, पण बाहेर भात-लावणी चालू होती आणि मी चिखलाच्या पायांनी दुकानात उभी होते. मी म्हटलं होतं, मैमू, खरं सांग, आलेलं नाय ना? आणि ती म्हणाली होती, अल्लाची शपथ, नाय आलं. मग मी विचारायची थांबले. मैमू एक वेळ माझ्याशी खोटं बोलेल, पण त्या नावाने बोलणार नाही, एवढं मला ठाऊक होतं. केवढं ठाऊक होतं मला!

"तू अल्लाची शपथ घेतली होतीस," मी म्हटलं.

ती खाली बघत होती. "हां. त्याचेच तर ते तीन रोजे."

कुठले तीन रोजे, हे तिला सांगावं लागलं नाही.

त्याच आषाढात मैमूने तीन दिवस रोजा धरला होता. रमजान तर थंडीतच होऊन गेला होता. मी विचारलं, आता मधेच कसला गो? ती म्हणाली, मन्नत आहे. कुणासाठी? तर म्हणाली, तुझ्यासाठीच. मला इतकं भरून आलं की तिसऱ्या दिवशी मीही तिच्याबरोबर रोजा धरला. तिने शिकवलं, आधी मनात नियत करायची, कशासाठी धरतोय ते ठरवायचं, नियतीशिवाय नुसती उपासमार होते. मी नियत केली, माझा नंबर लागू दे. दिवसभर लावणी केली, पाण्यात पोटरीपर्यंत उभी राहून, आणि पाण्याचा थेंब तोंडात घेतला नाही. संध्याकाळी दुकानाच्या मागच्या पडवीत आम्ही दोघींनी एक खजूर अर्धा अर्धा करून सोडला.

आता ती सांगत होती. खोटी शपथ घेतली तर दहा गरिबांना जेवू घालायचं, ते नाही जमलं तर तीन रोजे. दहा माणसं जेवायला घालायची तर बाबांना कळलं असतं. म्हणून रोजे.

माझा केसाने गळा कापला, आणि कापल्याचं प्रायश्चित्त घ्यायला मलाच सोबत बसवलं. तिची नियत काय होती आणि माझी काय होती! आणि नंतरची तीस वर्षं, दर ईदला आलेला शीरखुर्म्याचा डबा, माझ्या दिशाच्या बारशाला तिने रात्र रात्र बसून शिवलेली गोधडी, माझा नवरा आजारी होता तेव्हा कल्याणच्या दवाखान्यात माझ्या शेजारी फरशीवर झोपलेली मैमू, हे सगळं मी काय समजू? मैत्रीण होती म्हणून केलं, की डाव्या खांद्यावरचं पुसायला केलं? ते कार्ड माझं एकदाच हरवलं होतं. मैमू मात्र त्या दुपारी माझ्या मागच्या सगळ्या वर्षांतून हरवली.

"अल्लाचा हक्क अल्ला माफ करंल, तिकडं गेल्यावर," ती म्हणाली. "पन बंद्याचा, मान्साचा हक्क त्या बंद्यानंच माफ करायचा आसतो. तू नाय म्हनालीस तर मी काब्याला जाऊन पन तशीच परत येयाची."

"मग तशीच परत ये," मी म्हटलं. "आता ऊठ. गाडी चुकंल."

ती उठली. चहा तिला दिलाच नाही.

पुढच्या आठवड्यात तिचं निघणं होतं. जायचं नाही असं ठरवलं होतं, तरी गेले. खरं सांगायचं तर ती माझ्या माफीशिवाय गाडीत बसते कशी, ते मला बघायचं होतं.

धसईला त्यांच्या दारात पन्नास-साठ माणसं. गळ्यात हार घालून मैमू खुर्चीवर, शेजारी मुलगा इम्तियाज. एकेक जण पुढे होत होता. ती हात जोडून म्हणायची, बोललं-चाललं माफ करा, आणि समोरचा म्हणायचा, माफ केलं, आमच्यासाठी दुवा मागा. भाजीवाली धोंडूबाई म्हणाली, "मैमूबाय, मेथीच्या दोन जुड्या जादा उचलायचीस, त्या पन माफ गो!" सगळे हसले.

मग माझी पाळी. अख्ख्या बाजाराला आमची मैत्री ठाऊक. लोक जरा सरकले, आम्हाला जागा केली. इम्तियाज म्हणाला, "रंजूमावशी, तुमी बोलल्याबिगर अम्मी काय गाडीत बसायची नाय." त्याला काहीच माहीत नव्हतं. मैमूने हात जोडले होते, पण मान वर केली नव्हती. एवढ्या लोकांत मी काय बोलणार होते?

"माफ केलं," मी म्हटलं.

ती उठून माझ्या गळ्यात पडली. हारातली फुलं माझ्या छातीला चुरगळली. कानाशी अगदी हळू विचारलं, "खरं गो?"

"अल्लाची शपथ," मी म्हटलं.

ती हमसून हमसून रडायला लागली. गाडी वळेपर्यंत काचेतून मला हात करत होती. तिने विश्वास ठेवला. मीही असाच ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी फटफटायच्या आधी उठून मी अर्धी भाकरी खाल्ली, तांब्याभर पाणी प्यायले आणि मनात नियत केली. दिवसभर राब भाजला, धूर डोळ्यात, घसा कोरडा ठण्ण. दुपारी दिशा पाणी घेऊन आली, मी घेतलं नाही.

"आई, आज कसला उपास? एकादशी पन नाय."

"नवस हाय."

"कुनासाठी?"

"मैमूसाठी," मी म्हटलं.

अजून दोन दिवस आहेत. शपथेचं तेवढ्यात फिटेल.