पाहुण्याचं राष्ट्रगीत

"गाशे, हा कितवा?" ट्रॉम्बोन खाली घेत गेतुने विचारलं.

"चौदावा. ओठ पूस, अजून बरेच यायचेत."

आदिस अबाबाच्या विमानतळावर फेब्रुवारीचं ऊन डोक्यावर आलं होतं. खंडातल्या राष्ट्रप्रमुखांची वार्षिक परिषद भरायची होती, आणि सकाळी सातपासून बँड गालिच्याच्या डाव्या अंगाला उभा होता. विमान थांबायचं, शिडी लागायची, पाहुण्याचा बूट गालिच्यावर टेकला की बेयेनेची काठी वर जायची.

बेयेने वोल्दे बँडमास्टर होता. एकोणतीस वर्षं नोकरी, त्यातली अकरा ही काठी हातात. बँडमधले सगळे त्याला गाशे म्हणत. वडीलधाऱ्याला म्हणतात तसं, आणि त्याच्या पाठीमागेही. पन्नासाहून जास्त राष्ट्रगीतं त्याला तोंडपाठ होती. एखाद्या देशात लष्कराने सत्ता घेतली आणि आठवडाभरात गीत बदललं, तर तो वकिलातीत जाऊन नवं गीत ऐकून यायचा आणि प्रत्येक वाद्याचा कागद स्वतःच्या हाताने लिहून काढायचा. आपल्या बँडने कुणाच्या देशाचा सूर चुकवला, असं कुणी म्हणता कामा नये, एवढाच त्याचा हट्ट.

ज्यांच्यासाठी हे चालायचं, त्यांना तो तीन पावलांवरून पाहत आला होता. कुणाचा गुडघा कुठल्या देशात बदलला, कुणाचे केस कधीपासून काळे झाले, स्वतःचंच राष्ट्रगीत चालू असताना कोण जांभई दाबतो, सगळं त्याला ठाऊक होतं. गेल्या वर्षी एक जण खंडाच्या कारागिरीवर बोलणार म्हणून आला, तर त्याच्या कोटाच्या बाहीवर परदेशी शिंप्याची चिठ्ठी तशीच लोंबत होती.

"एकी होणार का हो यांची?" ढोलवाल्याने विचारलं.

"झालीय की," गेतु म्हणाला. "सगळ्यांचे दात पॅरिसच्या एकाच डॉक्टरने बसवलेत."

बँड खुसखुसला. बेयेनेला हसू आलं, पण त्याने ते मिशीत जिरवलं.

तेवढ्यात राजशिष्टाचार विभागाचा शिमेलिस धावत आला. वयाने बेयेनेच्या मुलासारखा. कानात यंत्र, कपाळावर घाम.

"गाशे, यादीत बदल आहे. आता युरोपातले एक मंत्री येतायत. मदतखात्याचे."

"बरं. आम्ही बाजूला होतो."

"बाजूला नाही. वाजवायचंय. त्यांच्या देशाचं राष्ट्रगीत."

बेयेनेने त्याच्याकडे नीट पाहिलं. "राष्ट्रगीत राष्ट्रप्रमुखाला असतं. हे मंत्री आहेत, तेही धाकटे. तुमच्याच विभागाचं पुस्तक सांगतं."

"पुस्तक राहू द्या हो! पाच राष्ट्राध्यक्ष त्यांना घ्यायला थांबलेत. तिकडे बघा."

खरंच, पाच जण गालिच्याच्या कडेला रांग धरून उभे होते. सकाळी गळाभेटी घेऊन आत गेलेले, आता उन्हात परत आलेले. पुढे कोणी उभं राहायचं यावरून दोघांत कोपराकोपरी चालली होती. त्यातल्याच एकाने, जरीचा झगा घातलेल्याने, उतरल्या उतरल्या वार्ताहरांना बजावलं होतं की गोऱ्यांच्या कुबड्या आम्ही कधीच फेकून दिल्या.

"आणि ते?" बेयेनेने पलीकडे बोट दाखवलं. गालिच्यापासून थोड्याच अंतरावर एक साधं प्रवासी विमान वीस मिनिटांपासून दार लावून उभं होतं. आत एका छोट्या देशाचे राष्ट्राध्यक्ष बसले होते.

"बसू दे आतच. त्यांना कुठे घाई आहे?"

"त्यांचं गीत आधी. मग तुमचे मंत्री येऊ देत, आम्ही सलामी देऊ. राष्ट्रगीत नाही."

शिमेलिसचा आवाज बदलला. "बेयेने, निवृत्तीला किती राहिलं तुमच्या?"

"दीड वर्ष."

"सरकारी घर आहे ना? दोन खोल्यांचं?"

बेयेनेला बायको, वर्कनेश, आठवली. त्या घरामागच्या हातभर जागेत तिने कोबी लावला होता. "आहे," तो म्हणाला.

"मग वाजवा."

"नाही वाजवणार."

"तर उद्यापासून ही काठी दुसऱ्याच्या हातात असेल. मी आत्ताच्या आत्ता वर कळवतो!"

"कळवा."

मंत्र्याचं विमान आलं. शिडी लागली. चाळिशीतला, पिंगट केसांचा एक माणूस बॅग खांद्याला लावून उतरला आणि समोर पाच राष्ट्राध्यक्ष पाहून चपापला. पाचही जण ताठ झाले, हात छातीवर गेले. बँड गप्प. काठी बेयेनेच्या कमरेला टेकलेली. झेंड्याची दोरी खांबावर आपटत होती, तेवढाच काय तो आवाज.

ती शांतता झग्यावाल्याला सोसवेना. त्याने घसा साफ केला आणि गायला सुरुवात केली. पाहुण्याच्या देशाचं राष्ट्रगीत, त्यांच्याच भाषेत. तरुणपणी तिथे शिकला होता, उच्चार चोख. दुसऱ्याने सूर मिळवला, मग तिसऱ्याने. चौथ्याला शब्द येत नव्हते, तो नुसते ओठ हलवत होता आणि न येण्याची लाज वाटून घाम पुसत होता. खंडाचं गीत लागलं की हीच मंडळी माशा गिळल्यासारखी उभी असत. आज मात्र दुसरं कडवंसुद्धा पाठ निघालं. मंत्री बिचारा बुटांकडे बघत होता. त्याला स्वतःला दुसरं कडवं येत नसावं.

"पाहिलंत?" गेतु पुटपुटला. "आयुष्यात पहिल्यांदा एका सुरात."

बेयेने थुंकला. वर्दीत, गालिच्याच्या कडेला. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदाच.

गाणं संपलं. मंत्र्याला घेरून रांग आतल्या दाराकडे सरकू लागली. तेव्हा कुठे प्रवासी विमानाचं दार उघडलं. छोट्या देशाचे राष्ट्राध्यक्ष उतरले. किडकिडीत, चष्मा, काखेत फाईल.

"सावधान," बेयेने म्हणाला. त्याने टोपी सरळ केली आणि काठी उचलली.

गीत सुरू झालं. अवघड गीत; मधेच चाल बदलते, बासरीला एकटीला चार मात्रा सांभाळाव्या लागतात. राष्ट्राध्यक्ष गालिच्यावर दोन पावलं चालले. त्यांनी दाराकडे पाहिलं. मंत्र्याची पाठ आत चालली होती. त्यांनी चष्मा सावरला, फाईल घट्ट धरली आणि पळत सुटले. "एक मिनिट! साहेब, एक मिनिट!" असं ओरडत ते बँडसमोरून गेले. आपल्याच देशाचं गीत त्यांच्या कानावर पडलं की नाही, कळायला मार्ग नाही.

"गाशे, गेला तो," गेतुने श्वास घेता घेता विचारलं. "थांबायचं?"

बेयेनेने मान हलवली. नाही.

समोर कुणी नव्हतं. पाहुण्यांचं काम उरकलं असं समजून दोन कामगार पलीकडच्या टोकाकडून गालिचा गुंडाळत येत होते. त्यातला म्हातारा मधेच ताठ उभा राहिला आणि त्याने टोपी काढली. गुंडाळी त्याच्या हातातून सुटली आणि उतारावरून हळूहळू परत उलगडत गेली. बासरी आपल्या चार मात्रांपाशी आली. बेयेनेने डावा हात उचलून बाकीच्यांना थोपवलं आणि तिला मोकळी वाट करून दिली.