खणातलं जेवण

"तुम्ही वडीलधारे आहात, काका. जरा तिच्या कानावर घाला, एवढंच," असं म्हणत साहेबांनी अंगात एप्रन चढवला आणि ते पॉलिशवालीच्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसले. तिने अर्धवट ठेवलेली कवळी त्यांनी उचलली, चाक सुरू केलं आणि मान खाली घालून कामाला लागले.

कवळ्यांचा तो कारखाना तसा लहानच. एका लांब बाकाला पाच-सहा माणसं आणि प्रत्येकाच्या पुढ्यात कुणाचा तरी जबडा. कुणी प्लास्टरचे साचे ओतायचं, कुणी मेणात दात बसवायचं, कुणी गुलाबी हिरड्या घडवायचं. दाढा काकांकडे. तीस वर्षं त्यांनी दाढांशिवाय दुसरं काही केलं नव्हतं, म्हणून खरं आडनाव मागे पडून ते दाढेकाका झाले होते. प्लास्टरची भुकटी दिवसभर उन्हात तरंगत असायची. दुपारी ती इतकी दाट व्हायची की समोरचा माणूस स्वप्नात दिसावा तसा दिसायचा.

जेवणाची सुट्टी होती. नाही असं कुणाला म्हणता आलं नसतं. उलट साहेब स्वतःच म्हणायचे, सावकाश जेवून घ्या, पोटापुढे काही नाही. मग तुम्ही उठलात की ते तुमच्या खुर्चीत बसून तुमचं काम पुढे न्यायचे. परत आलात की उठायचे, खुर्ची झटकून द्यायचे आणि म्हणायचे, "झालं? छान." आवाज चढवणं नाही, पगार कापणं नाही. पण आपण डबा खातोय आणि मालक आपल्या जागी राबतोय म्हटल्यावर घास कुणाच्या घशाखाली उतरणार? साहेबांचा सुंठीवाचून खोकला गेला होता.

त्यामुळे सगळे खणातून जेवायचे. डबा बाकाच्या खणात उघडा ठेवायचा. साचा सुकेपर्यंत एक घास, खण बंद. मेण निवेपर्यंत दुसरा, खण बंद. जगाच्या चावण्याची सोय बघणारी ही मंडळी स्वतः मात्र न चावता गिळायची. दात आहेत तर चणे नाहीत, ही म्हण तिथे कुणी थट्टेतही काढत नसे, कारण ती जिव्हारी लागली असती.

पॉलिशवाली दोनेक महिन्यांपूर्वी आली. पहिल्याच दिवशी सुट्टी झाली तशी तिने चाक बंद केलं, हात धुतले आणि डबा घेऊन ती जिन्याने गच्चीवर गेली. साहेब तिच्या खुर्चीत बसले. ती परतल्यावर उठले. "झालं? छान." ती "हो" म्हणाली आणि बसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सगळ्यांना वाटलं, नव्याचे नऊ दिवस. पण बाई मुलखाची निगरगट्ट निघाली. निदान बाकावरचे तसं म्हणायचे, आणि म्हणताना त्यांच्या आवाजात थोडा हेवा असायचा.

सगळ्यांसारखं खणातूनच खा, हे तिला समजावण्याचं काम काकांच्याच गळ्यात पडण्याला कारण होतं. महिनाअखेरीला ते निवृत्त व्हायचे होते. मध्यंतरी साहेब म्हणाले होते, बघू, अजून दोनेक वर्षं आलात तर आम्हालाही बरं. त्या 'बघू'वर काका जगत होते. बायको जाऊन वर्ष होत आलं होतं. लेक लांब, आपल्या संसारात. दिवसभर घरात बसून भिंतींची तोंडं बघण्यापेक्षा परक्यांचे जबडे परवडले. पॉलिशवालीला समजावलं की आपली दोन वर्षं पक्की, असं साहेब काही बोलले नव्हते. पण न बोललेलं ऐकू येण्याइतकी वर्षं काकांनी तिथे काढली होती.

साहेबांनी सांगितल्याच्या दुसऱ्या दिवशी ती वर गेली तसे काका कधी नव्हे ते उठले. साहेबांनीच डोळ्यांनी जा म्हटलं. रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून त्यांनी आपला डबाही उचलला.

गच्चीवर ऊन मऊ होतं. खालच्या चाकांची घरघर तिथे पोचेपर्यंत विरून जात होती आणि दोरीवरचे कुणाचे तरी पांढरे कपडे वाऱ्याने फुगून पुन्हा निजत होते. पाण्याच्या टाकीच्या सावलीत ती पाय पसरून बसली होती आणि डोळे मिटून चावत होती. चाहूल लागली तशी तिने सरकून जागा केली. काका रोजच येत असावेत इतकं ते सहज होतं.

काकांनी घसा खाकरला. वाक्य पाठ करून आणलं होतं, पण तोंडातून भलतंच निघालं.

"रोज कशाला येतेस गं वर?"

"भूक लागते, काका."

काकांनी डबा उघडला. एक घास घेतला आणि सवयीने हात खण बंद करायला गेला. खण नव्हताच. हात हवेत राहिला. मग ते नुसते चावत राहिले. सकाळी स्वतःच रांधलेलं होतं. मीठ जास्त झालं होतं, तळाला लागलंही होतं. ती करपलेली चव जिभेवर हळूहळू पसरली, आणि ती इतकी स्पष्ट होती की काकांना एकदम भीती वाटली.

तिने विचारलं, काय झालं.

"आमची ही रोज डबा द्यायची," काका म्हणाले. "संध्याकाळी विचारायची, आज कसं झालं होतं? मी म्हणायचो, छान. इतकी वर्षं छानच म्हणत आलो." त्यांनी करपलेला तुकडा बोटाने बाजूला केला. "तिच्या हाताला चव कशी होती, ते मला आठवत नाही गं. आठवायला आधी चाखायला तर हवं होतं."

तिने पाण्याची बाटली पुढे केली. सुट्टी संपेपर्यंत दोघं जेवत राहिली. साहेबांचा निरोप काकांच्या पोटातच राहिला. खाली साहेबांनी विचारलं तेव्हा ते म्हणाले, उद्या बोलतो.

दुसऱ्या दिवशी सुट्टी झाली, ती उठली आणि पाठोपाठ काकाही उठले, या खेपेला कुणी जा म्हटलेलं नसताना. साहेब एप्रनची गाठ मारत तिच्या खुर्चीकडे निघाले होते, ते अर्ध्या वाटेत थबकले. काकांच्या खुर्चीकडे वळले. पुन्हा तिच्या खुर्चीकडे पाहिलं. काल काकांना त्यांनीच पाठवलं होतं; न विचारता रिकाम्या झालेल्या खुर्च्या दोन आणि साहेब एक, अशी वेळ कारखान्यावर कधी आली नव्हती. शेवटी ते उभेच राहिले. बाकावर कुणी मान वर केली नाही, फक्त एकाचा खण बराच वेळ उघडा राहिला.

त्यानंतर काका रोज वर जात राहिले. महिनाअखेरीला साहेबांनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. "काका, खूप केलंत आमच्यासाठी. आता आराम करा." दोन वर्षांचा विषय निघाला नाही. काकांनी मान डोलावली. घरातली दुपार डोळ्यांपुढे आली. हे आपणच ओढवून घेतलं, हेही त्यांना कळत होतं.

शेवटच्या दिवशीही ते गच्चीवर गेले. डबा संपला तरी ते टाकीला टेकून डोळे मिटून बसले होते आणि त्यांचं तोंड सावकाश हलत होतं.

"आता काय खाताय, काका? डबा तर कधीच संपला."

"तिच्या हातची चव शोधतोय," काका म्हणाले. "काल वाटलं, आली जिभेवर. पण नाही थांबली."

सुट्टी संपली होती आणि हल्ली सुट्टीत थांबणारी चाकं खाली एकेक करून सुरू होऊ लागली होती. तिने त्या आवाजाकडे कान दिला, आणि झाकण लावायला घेतलेला डबा पुन्हा मांडीवर ठेवला.

"शोधा," ती म्हणाली. "मी आहे बसलेली."