शेजारची पोर

"मफी मुश्किल, कोई बात नहीं," हुसेनने गाडी बंद केली. "तुम लोग जाओ. हम इधर बैठता."

त्र्याण्णव सालच्या जूनमधला शुक्रवार होता. दुपारच्या उन्हाने गाडीचा पत्रा नुसता भाजत होता. बहरीनमधल्या उम्म अल हस्समच्या त्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर तौकीर मामूचं घर होतं. मुनीराच्या अम्मीचा, अकीलाचा हा धाकटा भाऊ. तिने हुसेनशी निकाह केला तेव्हापासून त्याने तिच्याशी बोलणं टाकलं होतं. आज त्याच्या लेकीच्या, नाझिशच्या मंगनीचं जेवण होतं आणि इतक्या वर्षांनी त्याने बहिणीला बोलावलं होतं. "आपा, तू ये. मुनीराला घेऊन ये," एवढंच तो फोनवर म्हणाला होता. हुसेनचं नाव त्याने काढलं नव्हतं.

नवरा वर येत नाही म्हटल्यावर अम्मीचा चेहरा सैल झाला. मागच्या सीटवरून मुनीराने ते आरशात पाहिलं आणि नजर खिडकीबाहेर वळवली.

मुनीरा चौदा वर्षांची होती. रंग बापाचा, दाट कुरळे केसही बापाचेच. हुसेनच्या पूर्वजांना कधीकाळी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गलबतांत भरून इथे आणलं होतं. तो बंदरावर क्रेन चालवायचा, पासपोर्ट बहरिनी होता. तरी बुसैतीनच्या बड्या अरब घरांतून त्याला कुणी मुलगी दिली नसती. अम्मी रत्नागिरीची, म्हणून शाळेतल्या अरब मुली मुनीराला 'हिंदिया' म्हणायच्या. हूऱ्याच्या बाजारात कोकणी बायका तिच्यादेखत एकमेकींना 'सिद्दीण बघ' म्हणायच्या. त्यांना वाटायचं, हिला काय कळतंय! तिला सगळं कळायचं. कुठल्याही परक्या दारात शिरताना ती अम्मीच्या पाठीमागे राहायची.

जिन्यात अम्मी थांबली. "अरबीत बोलू नको गो. आणि उगाच पुढे पुढे करू नको. नवऱ्यामुलाकडची माणसं महाडची हायत. नाझिशचं नीट होऊ दे."

"आणि कोणी काय विचारलं तर?"

"कोण विचारतंय?" म्हणत अम्मी भराभर पायऱ्या चढू लागली.

हॉलमध्ये पुरुष, आतल्या खोलीत बायका, मध्ये पडदा. मामूच्या बायकोने, इशरत मुमानीने दोघींना कोपऱ्यात बसवलं. "इथे हवा चांगली लागते," ती म्हणाली. तिथे ना पंखा होता ना खिडकी.

नुसतं बसून मुनीराला घाम फुटायला लागला. काहीतरी काम करावं म्हणून ती पाणी वाटायला उठली. नवऱ्यामुलाची आई, नसीबाबी, मध्येच गादीवर बसली होती. तिने हाताने खूण केली.

"घ्या, थंड हाय," मुनीरा म्हणाली.

"अगो बाय! ही मराठी बोलते!" नसीबाबी कौतुकाने हसली. "कोणाची गो तू?"

खोलीतल्या गप्पा थांबल्या. इशरत मुमानीने अकीलाकडे रोखून पाहिलं. मुनीरानेही पाहिलं. अम्मी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"शेजारची हाय," अम्मी म्हणाली. "माझ्याकडे येऊन येऊन शिकली."

"ब्येस शिकवलंस!" नसीबाबी म्हणाली, आणि गप्पा पुन्हा सुरू झाल्या.

लोक काय काय म्हणतील याची तयारी ती रोज करायची. अम्मीच्या तोंडून काही ऐकावं लागेल, हे तिच्या मनातही आलं नव्हतं. तिने ग्लास भरला आणि कोपऱ्यात गेली.

"खाला, तुम्हाला देऊ पाणी?"

आवाजात राग नव्हता. शेजारच्या पोरीने मावशीला विचारावं तसंच तिने विचारलं. अकीलाने ग्लास घेतला. ओठाला लावला, खाली ठेवला, आणि ती उठून उभी राहिली.

"नसीबाबी, मी खोटं बोलली. पोर माझी हाय, माझ्या पोटची. हिचा बाप खाली गाडीत बसलाय. मी त्याला जेवायला आणते."

"आपा, आता?" इशरत मुमानी पुटपुटली. अकीला केव्हाच दाराबाहेर पडली होती.

मुनीरा भिंतीला टेकून उभी राहिली. नसीबाबीने मान फिरवली. बाबा नाही आले तर? आणि आले तर?

मग दारातून बाबांचा सलाम ऐकू आला. हॉलमधला गलका थांबला. उत्तरं आली, पण एकेक करून, थांबून थांबून.

तिने पडद्याच्या फटीतून पाहिलं. मामूने बाबांना दाराजवळच्या थाळ्यावर बसवलं. प्रत्येक थाळ्याभोवती चौघं बसायची रीत होती. महाडचे दोघे अजून उभेच होते. त्यांनी त्या थाळ्याकडे पाहिलं आणि पलीकडच्या भरलेल्या घोळक्यात दाटीवाटीने जागा करून घेतली. भातावर वाफ होती, मटणाचे तुकडे वर रचलेले होते. बाबा पाठ ताठ करून बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर. चौघांचा थाळा एकट्याने कसा सुरू करायचा?

मुनीराने पडदा सारला.

"अगो, थांब! तिकडे पुरुष हायत!" मागून कुणीतरी म्हणालं. ती पाठींच्या रांगांमधून वाट काढत गेली आणि बाबांसमोर मांडी घालून बसली.

"यल्ला, चलो," बाबा हळूच म्हणाले.

तेवढ्यात अकीला तांब्या आणि तसराळं घेऊन आली. एका गुडघ्यावर बसून तिने आधी नवऱ्याच्या हातांवर पाणी घातलं, मग लेकीच्या. मुनीराने हात पुढे केले, पण वर पाहिलं नाही. अकीलाने स्वतःचे हात धुतले आणि तिसऱ्या बाजूला बसली.

"बिस्मिल्ला," ती म्हणाली.

तौकीर मामू परात घेऊन आला. त्याने त्यांच्या थाळ्यात आणखी भात वाढला, क्षणभर घुटमळला आणि पुढे गेला.

चौथी बाजू शेवटपर्यंत रिकामीच राहिली.