भुयारातला वीणेकरी

अक्षदाला रडू आलं नव्हतं. आबा गेले तेव्हा नाही, दहाव्याला नाही, तेराव्याचं गोडाचं पान वाढतानाही नाही. गावातल्या बायकांनी जवळ घेऊन पाठीवरून हात फिरवले, तेव्हा ती त्यांच्या खांद्यावर मान टेकून समोरच्या भिंतीवरचं घड्याळ बघत राहिली. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई देतो, मग गाल आहे हे ठाऊक असतं, पण हात लावला तर दुसऱ्याच कुणाचा तरी वाटतो. तिचं सगळं अंग तसं झालं होतं. कुणी काही सांगितलं की ती "बरं" म्हणायची. एवढंच.

आबांचं नाव सदू. कर्जत-खोपोली टेंपो चालवायचे, आणि चैत्रात गावचा सप्ताह बसला की दुपारचा वीणेचा पहारा त्यांचा. सात दिवस नाम थांबायचं नाही, वीणा जमिनीला टेकायची नाही. ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जायची. पुढचा पहारेकरी आला नाही, तर आधीचा उभाच. आबांनी कधी कुणाला असं ताटकळत ठेवलं नव्हतं. टेंपो पंक्चर झाला तेव्हा तो तसाच रस्त्यात सोडून ते दुसऱ्याच्या मोटारसायकलवर बसून आले होते, हात ग्रीसने काळे घेऊन.

आता या बापलेकीच्या भुयाराचं सांगायला हवं.

अक्षदा रसायनीच्या एका कारखान्यात, प्रयोगशाळेत कामाला. पहिली पाळी करून घरी आली की चहाचा कप घेऊन जुना लॅपटॉप उघडायची. त्यावर एक खेळ होता. निघाला हल्लीच, पण मुद्दाम जुन्या धाटणीचा केलेला. राक्षस, जादूगार, तलवारी, आणि जमिनीखाली कुठवर गेलंय ते कळू नये असं भुयार. चित्रं ठोकळ्याठोकळ्यांची, वाजणं टिंगटिंग. आजकालच्या खेळांत कुठं जायचं ते दाखवायला बाण असतो, इथं बाण नाही. नकाशाही आपणच आलेखाच्या कागदावर चौकोन मोजत काढायचा. तलवार उगारली तर निम्म्या वेळा हवेतच जायची. पोतडीत एक ढाल जास्त झाली की माणूस जागचा हलत नसे. आणि झालेला खेळ जपून ठेवायची सोय फक्त वरच्या गावातल्या सराईत. खाली कितीही मजल मारा, पायी सराईपर्यंत माघारी आलात तरच ती तुमची. अक्षदा वैतागून लॅपटॉप मिटायची, कप विसळायची, आणि पदराला हात पुसत परत उघडायची. कारण एखादा दरवाजा सापडला, तर तो खरोखर आपण शोधलेला असायचा. कुणी बोट धरून नेलेलं नसायचं.

आबा आधी दारातून बघायचे. मग खुर्ची ओढून बसायला लागले. इंग्रजी त्यांना येत नसे, तेव्हा अक्षदाने वाचून सांगायचं. आणि नुसतं सांगून भागत नसे, आबांना आख्यान लागे. दार उघडलं म्हणजे कसं उघडलं, करकरलं का? राक्षस बोलला तो कुठल्या आवाजात? कीर्तनाच्या उत्तररंगात, कथा सुरू झाली की बसावं तसे ते मांडी घालून खुर्चीत बसत.

"हा खेळ करनारा माणूस खडूस हाय," एकदा ते म्हणाले. "पन लबाड नाय. बुवा बी असंच करतो. गोष्ट ऐन रंगात आली की थांबतो नि टाळ कुटत बसतो. आपला जीव टांगलेला. लगीच सांगितली तर गोडी कसली गं?"

तुकडीत सहा माणसं, तीन पुढे, तीन मागे. आबांनी ती कीर्तनासारखी उभी केली. जखमा बऱ्या करणारा तो बुवा. ढाल-तलवारवाले दोघे गावचे टाळकरी. जादूगार म्हणजे पखवाजवाला, कारण तो काय करतो ते त्याचं त्यालाच कळतं. कुलपं उघडणारा चोर होता, त्याला नाव दिलं स्वप्नीलचं. स्वप्नील अक्षदाचा मोठा भाऊ, आता शेलूला फ्लॅट घेऊन राहतो. लहानपणी लाडवांचा डबा त्याने कधी वाजू दिला नव्हता. सहावा दिवटी धरणारा. दिवटी हातात असली की त्याला हत्यार उचलता येत नसे. ती जागा आबांनी स्वतः घेतली. वीणेकरी कुठं मारामारी करतो, म्हणाले. अक्षदाने विचारलं, मग मी कोण? तर, "तू सांगनारी. तू गेलीस तर आमाला कोन सांगंल?"

खेळाने सुरुवातीलाच विचारलं होतं, मेलेली माणसं देवळात नेऊन जिवंत करता यावीत का. नाही म्हटलं तर मेला तो मेला, आणि भुयारात असताना खेळ बंद पडला तर सगळी तुकडी हरवली. आबांनी क्षणभरही विचार केला नाही. माघारी यायला लागले तर भ्यायचं कशाला आणि जपायचं कशाला, म्हणाले. नाही म्हण. तिने नाहीवर बोट ठेवलं.

मार्गशीर्षात एका सकाळी आबांनी खोपोलीच्या अलीकडे टेंपो रस्त्याच्या कडेला घेतला, हँडब्रेक ओढला, इंडिकेटर लावला आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटलं, डुलकी लागली असेल. अक्षदा पाळीवर होती, फोन लॉकरमध्ये. आई, सोनाबाई, वाल पेरायला शेतावर. जवळ कुणीच नव्हतं.

चैत्र आला. धाऊकाका पहाऱ्याचं विचारायला घरी आले. ते आबांच्या आधीचा पहारा धरायचे. दोघांची वीणा वर्षानुवर्षं एकमेकांच्या हातून गेलेली. स्वप्नीलला रजा नव्हती. दुपारी बायका पण उभ्या राहतात आता, काका म्हणाले, तू धरशील का गं? अक्षदा "बरं" म्हणाली. कशाला हो म्हटलं तेही तिला नीट उमगलं नाही.

त्या दिवशी तिने रजा घेतली. न्हाऊन, नऊवारी नेसून तयार झाली, तर अजून वेळ होता. फोन चार्जिंगला लावायला कोपऱ्यात गेली आणि लॅपटॉप दिसला. उघडला. सराईत सहाही जण ओळीने उभे होते, शेवटी सदू, हातात दिवटी. तिला वाटलं होतं आत काहीतरी तुटेल. काही तुटलं नाही. मग इथं नाही तर खाली तरी काही वाटेल, अशा हिशेबाने ती त्यांना घेऊन पायऱ्या उतरली.

खाली दोघं मिळून काढलेला नकाशा संपला. पुढचं एक दार ढकललं, सगळे आत गेले, आणि दार मागून बंद झालं. या बाजूने त्याला कडी नव्हती. त्या खडूस माणसाची ही आवडती खोड: आत यायला वाट आहे, परत जायला दुसरी शोधा. अक्षदा शोधायला लागली. तेवढ्यात पंखा थांबला. लाईन दुरुस्तीला दुपारी वीज जाणार असं काल कुणीतरी सांगितलं होतं, ते तिच्या कानावरून गेलं होतं.

लॅपटॉपची बॅटरी मेल्यातच जमा. मध्ये एकदा तो बंद न करता नुसता झोपवून ठेवला, तर उठलाच नव्हता. एक वळण, दुसरं वळण, भिंत. देवळातून टाळ ऐकू येत होते. निघायला हवं होतं हे तिला कळत होतं. धाऊकाका उभे आहेत, त्यांचे गुडघे धड नाहीत, हेही कळत होतं. तिसरं वळण. भिंत.

सोनाबाई देवळातूनच आली, कपाळाला बुक्का, चपला न काढता उंबऱ्यात थांबली.

"धाऊ कवाचा उभा हाय गं. पाय लटलटतायत त्याचे. लोक बोलतात, दुसऱ्या कुनाला तरी दे, तर देत नाय. सदूची पोर येनार म्हनतो."

"लाईट गेली, आई. मी उठले तर हे बंद पडेल."

"पडू दे."

"आबा आत आहेत."

प्रयोगशाळेत नमुन्याचा आकडा वाचून दाखवावा, तशा सपाट आवाजात ती हे बोलली. सोनाबाईने आजवर या खेळाला नावंच ठेवली होती. बापलेक बिळात शिरली म्हणायची, आणि चहा थंड झाला की दोघांच्या नावाने ओरडायची. आता मात्र तिने चपला काढल्या, आबांची खुर्ची ओढली, पडद्याकडे वाकून बघितलं.

"यातला कोनता?"

अक्षदाने बोट ठेवलं.

"एवढासाच?"

"हो."

"बाहेर नाय काढता येत?"

"वाट सापडली तर. बॅटरी तेवढी टिकायची नाही."

"आन गेला की माघारी नाय."

"नाही. आबांनीच तसं लावून घेतलंय."

"त्यालाच सुचनार," सोनाबाई म्हणाली. मग पदराने तिने पडद्यावरची धूळ पुसली, अगदी हळू, त्या बोटभर माणसाच्या आजूबाजूनं. "मी काय नाय केलं, तर त्याच्या अंगावर कोन येतं का?"

"नाही. आपण पाऊल टाकलं तरच पुढचं होतं. नाहीतर आहेत तिथं उभे राहतात."

"उभं ऱ्हायची सवय हाय त्याला. तू जा."

"आणि हे?"

"मी बसते त्याच्यापाशी. तवा कोन नव्हतं."

अक्षदा बसून राहिली. तिचं बोट अजून बटणावर होतं. अजून एक वळण राहिलं होतं, डावीकडचं, आणि कदाचित जिना तिकडेच असेल. सोनाबाईने तिचं मनगट धरून हात उचलला आणि तिच्याच मांडीवर ठेवला. पडद्याच्या कोपऱ्यातली बॅटरीची खूण लाल झाली होती. अक्षदाने एकदा सहाही जणांकडे बघितलं, मग उठली.

देवळात धाऊकाका खांबाच्या इतके जवळ उभे होते, की टेकले नव्हते एवढंच म्हणता आलं असतं. ती आली तसं एका बाईने नुसतं हातातल्या टाळांकडे बघितलं. काकांनी वीणा गळ्यातून काढून तिच्या गळ्यात घातली, आणि वाकून तिच्या पायांना हात लावला. वीणा ज्याच्या गळ्यात त्याच्या पाया पडायचं, मग तो लहान असो की मोठा. ही रीत अक्षदाने जन्मभर पाहिली होती, पण असा हात आपल्या पायाला लागलेला तिला ठाऊक नव्हता. तिने पाय मागे घेतला नाही.

"उशीर झाला, काका."

"हुतो कवा कवा," काका बसता बसता म्हणाले. "खाली ठिवली नाय, म्हंजे झालं."

तिने नाम घेतलं. आवाज आधी फुटेना, बायकांनी तो उचलून धरला. चार पावलं पुढे, चार मागे. दारातून ऊन येत होतं, नैवेद्याच्या भाताचा वास येत होता. घरी काय झालं असेल, हा विचार येत होता आणि नुसताच शेजारी उभा राहत होता.

बऱ्याच वेळाने सोनाबाई आली. सरळ तिच्यासमोर येऊन वाकली आणि लेकीच्या पायांवर डोकं ठेवलं. उठताना हळूच म्हणाली, "विझलं."

अक्षदाचं नाम चालूच होतं. तिने मान हलवली.

"लई येळ टिकला गं. मी त्याला सप्त्याचं सगळं सांगितलं. बुवा कोन येनार, जेवान कुनाकडं. धाऊ थांबलाय ते बी सांगितलं." सोनाबाईने नाक ओढलं. "तुज्यासारखं सांगता आलं नाय मला. पन ऐकत हुता."

अक्षदाला विचारायचं होतं, आधी काय गेलं, दिवटी की पडदा. पण तोंडात नाम होतं आणि ते सोडायचं नसतं. सोनाबाई जाऊन बायकांत बसली, कुणाचे तरी टाळ मागून घेतले. पुढचा पहारेकरी दारात पाय धूत होता. अक्षदाने त्याला डोळ्यांनीच, जरा थांब, म्हटलं. रडू आलं नव्हतं. पण वीणेच्या पट्ट्याखाली खांदा दुखत होता, चांगलाच दुखत होता, आणि तो आपलाच खांदा आहे हे तिला कळत होतं.