लोखंडाला मुका

अहो, जरा इकडं! वर बघा, पंख्यांच्या खोक्यांमागं. मी डिटेक्टर बोलतोय, पाण्यातला धातू शोधणारा. लांब दांडी, खाली ताटाएवढं चक्र. औरंगपुऱ्यातल्या या रिपेरिंगच्या दुकानात मला आणून टाकल्याला कैक वर्षं झाली. इथं कुणी विचारत नाही, पण बोलायची खोड जन्माची आहे.

कारखाना परदेशातला, पण मी माणसांत आलो तो पैठणला, मोतीरामच्या हातात. गोदावरीत डुबकी मारताना कुणाची अंगठी, कुणाचं जोडवं निसटलं की लोक त्याच्याकडं धावायचे. तो मांडीभर पाण्यात उतरायचा, मी कोकलायचो. एकदा एका नव्या नवरीचं मंगळसूत्र काढून दिलं, तर तिच्या सासूनं मलाच हळदकुंकू लावलं! केवढा फुगलो होतो मी.

माझ्या मुठीपाशी एक बटण आहे. ते फिरवलं की मी लोखंडाला मुका होतो. खिळ्या-पत्र्यांपायी दिवस फुकट जाऊ नये म्हणून ती सोय. मोतीरामनं ते पहिल्याच दिवशी फिरवून ठेवलं होतं.

सोळा सालच्या उन्हाळ्यात पैठणच्या धरणाचा नाथसागर आटला. हे शहर वाढतच चाललेलं, त्याच्या नळांना पाणी तिथलंच. धरणाच्या पोटातून बुडालेली गावं वर आली. घरांची जोती, विहिरीचं तोंड, मारुतीचा ओटा. मोतीराम मला घेऊन गाळातल्या डबक्यांतून हिंडायला लागला. जुनी नाणी सापडत होती, गडी लई खुशीत.

तिथंच भागूबाई भेटल्या. साठी उलटलेल्या, शहरात लेकाकडं राहणाऱ्या, पण बुडालेलं गाव त्यांचंच. एसटीनं आल्या होत्या. ओट्यावर टेकून मोतीरामला म्हणाल्या, "लेकरा, माझी पयली दोन गेली. तिसरी लेक झाली, तर वाचावी म्हणून नाव धोंडी ठेवलं, लोहाराकडून लोखंडाचा वाळा करून पायात घातला. दहा महिन्यांची होऊन गेली. ह्या ओट्याच्या उगवतीला पुरली, वाळ्यासकट. पुढच्याच साली धरणाचं पाणी आलं. जागा घावली तर मूठभर माती नेईन म्हणते."

"घावंल की, मावशी. एवढा पट्टा उरकतो, मग तुमचंच काम. आत्ता लोखंड चालू केलं, तर हे दिवसभर खिळ्यांवर वरडत बसंल."

"व्हय, घाई नाय. चाळीस वर्सं थांबलेच की."

त्या आणखी तीनदा आल्या. दर खेपेला डब्यात धपाटे. मोतीराम खायचा, बोटं पुसायचा, म्हणायचा, "पुढच्या येळी नक्की." वाईट माणूस नव्हता हो तो. नाण्यांच्या नादाला लागला होता, एवढंच.

असाच एका सकाळी नाणी शोधत तो ओट्याच्या उगवतीला गेला. घोट्याएवढं डबकं. माझं चक्र एका जागेवरून सरकलं आणि मला कळलं. वीतभर खाली, लोखंड, लहान, गोल. बाळाच्याच पायात जाईल एवढं. माझ्या जिवाची नुसती घालमेल झाली! पण तोंड बांधलेलं. मोतीराम शीळ घालत पुढं गेला. जळो ती सोय.

आषाढात आमच्याकडं थेंब नव्हता, पण वर नाशिककडं धो धो झाला. दोन दिवसांत पाणी चढलं. तेव्हा मोतीरामला आठवण झाली. बटण फिरवून तो कमरेएवढ्या पाण्यात घुसला. मी खिळ्यांवर बोंबललो, पत्र्यांवर बोंबललो. ती जागा केव्हाच खोल गेली होती. त्या धडपडीत माझ्या पोटात पाणी शिरलं.

काठावर भागूबाई डबा धरून उभ्या होत्या. मोतीरामनं मान वर केली नाही.

"जाऊ दे बाबा," त्या म्हणाल्या. "आमच्या नळाला हेच पाणी येतं. पयला तांब्या तिच्या नावानं ओतते मी. तसंच चालू ठेवीन."

चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मोतीराम आता शहरात एका मोठ्या दुकानाच्या दारावर राखणदार आहे. अधनंमधनं इथं येतो, "झालं का?" विचारतो. पार्ट मिळत नाही, म्हणतात. आणि मी दुरुस्त होऊन तरी काय? नाथसागर पुन्हा आटावा लागेल, म्हणजे जिल्हाभर माणसं तहानली पाहिजेत. तसलं मागणं माझ्याच्यानं होत नाही.

पण त्या सकाळची मोतीरामची पावलं मी मोजली होती. भागूबाई भेटल्या तर तेवढं सांगा हो. मारुतीच्या ओट्यापासून उगवतीला सव्वीस पावलं, वीतभर खाली. धोंडी तिथंच आहे.